अकेडियन समाजाचे विस्थापन व पुनर्वसन : ब्रुसार कुटुंबाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१७५५ ते १७६५)

प्रस्तावना

अठराव्या शतकातील इंग्लंड-फ्रान्स संघर्ष आपल्याकडे प्रामुख्याने कर्नाटक युद्धांच्या संदर्भात अभ्यासला जातो. याच संघर्षाने अटलांटिक महासागराच्या पलीकडे एका शेतकरी समाजाला मुळासकट उखडून टाकले. हा समाज म्हणजे अकेडियन होय. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड बेट या परिसराला फ्रेंच वसाहतकाळात ‘अकेडिया’ असे नाव होते. सतराव्या शतकात तेथे आलेल्या फ्रेंच कुटुंबांनी समुद्राच्या भरतीला बांध घालून खाजण जमिनी लागवडीखाली आणल्या व मिकमॉ या मूळ रहिवाशांशी सलोख्याचे संबंध ठेवले.

या विस्थापनाचे वर्णन बहुधा जहाजांच्या आणि माणसांच्या संख्येत केले जाते. प्रस्तुत निबंधात मात्र ‘कुटुंब’ हा अभ्यासाचा घटक मानून जोसेफ व अलेक्झांडर ब्रुसार या बंधूंच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. अकेडियन विस्थापनाची कारणे व स्वरूप समजून घेणे.
२. ब्रुसार कुटुंबाच्या स्थलांतराचा कालानुक्रमे मागोवा घेणे.
३. पुनर्वसनात नातेसंबंधांची भूमिका तपासणे.

विस्थापनाची पार्श्वभूमी

१७१३ च्या उट्रेक्ट तहान्वये अकेडियाचा मुख्य भूभाग ब्रिटिशांकडे गेला. अकेडियन लोकांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यावी, अशी नव्या राज्यकर्त्यांची मागणी होती. फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरावे लागणार नाही, या अटीवरच शपथ घेण्यास ते तयार होते. त्यामुळे त्यांना ‘तटस्थ फ्रेंच’ म्हटले जाऊ लागले. चाळीस वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. जून १७५५ मध्ये बोसेजूर हा फ्रेंच किल्ला ब्रिटिशांनी जिंकला, तेव्हा त्यात काही अकेडियन सशस्त्र पुरुष आढळले. या घटनेचा आधार घेत लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स व त्याच्या मंडळाने २८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्स येथे हद्दपारीचा निर्णय घेतला.

या निर्णयाचा हेतू केवळ माणसे हलविण्याचा नव्हता. हे लोक पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून त्यांना मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींत विखरून टाकण्याचे ठरले. ग्राँ-प्रे येथे ५ सप्टेंबर १७५५ रोजी पुरुष व मुलांना चर्चमध्ये बोलावून कर्नल जॉन विन्स्लो याने आदेश वाचून दाखविला. घरे, जमिनी आणि गुरेढोरे सरकारजमा झाल्याचे त्यांना सांगण्यात आले. कुटुंबांची ताटातूट होऊ नये असे विन्स्लोने म्हटले होते. परंतु तरुणांना आधी जहाजांवर चढविण्यात आले आणि गोंधळात अनेक कुटुंबे दुभंगली. १७५५ ते १७६३ या काळात सुमारे १४,००० लोकसंख्येपैकी दहा हजारांहून अधिक लोक हद्दपार झाले. व्हर्जिनियाने तर आपल्याकडे आलेल्यांना ठेवून न घेता १७५६ मध्ये इंग्लंडला पाठविले.

ब्रुसार कुटुंब : प्रतिकार ते शरणागती

जोसेफ ब्रुसार याचा जन्म १७०२ मध्ये पोर्ट रॉयल येथे झाला. ‘बोसोलेय’ म्हणजे ‘सुंदर सूर्य’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. जोसेफ आणि अलेक्झांडर या दोघा भावांचे विवाह थिबोडो या एकाच घराण्यात झाले होते. पेटिकोडियाक नदीच्या खोऱ्यात या कुटुंबांनी आपली वस्ती केली होती. नात्यांची ही घट्ट वीण पुढील घटनाक्रम समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

हद्दपारीत अलेक्झांडरची रवानगी दक्षिण कॅरोलिनात झाली. तेथून निसटून त्याने १७५६ मध्ये उत्तरेकडची वाट धरली आणि तो आपल्या माणसांत परत आला. जोसेफने फ्रेंच अधिकारी बुवाशेबेर व मिकमॉ योद्धे यांच्या साहाय्याने सशस्त्र प्रतिकार चालू ठेवला. परंतु लुईबर्ग (१७५८) आणि क्युबेक (१७५९) पडल्यानंतर रसद थांबली. उपासमारीपुढे या गटाला नमते घ्यावे लागले. १७६२ मध्ये जोसेफ फोर्ट एडवर्ड येथे ब्रिटिशांच्या कैदेत होता. पुढे त्याला हॅलिफॅक्सला नेण्यात आले.

लुइझियानातील पुनर्वसन

१७६३ च्या पॅरिस तहानंतर कैदी सुटले, पण त्यांच्या जमिनींवर न्यू इंग्लंडमधून आलेले शेतकरी बसले होते. राजनिष्ठेची शपथ घेऊन लहान, विखुरलेल्या गटांत राहण्याची मुभा तेवढी देण्यात आली. बोसोलेयच्या गटाने ती नाकारली. १७६४ च्या अखेरीस हॅलिफॅक्स सोडून कॅरिबियनमधील सँ-दोमिंग मार्गे हा गट फेब्रुवारी १७६५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे पोहोचला. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या नोंदीत त्यांची संख्या १९३ आहे. वास्तविक हा प्रांत फ्रान्सने १७६२ मध्येच स्पेनला देऊन टाकला होता. स्पॅनिश गव्हर्नर मात्र अद्याप आलेला नव्हता. म्हणजेच ज्या फ्रेंच छत्राच्या आशेने ही माणसे आली, ते छत्र तेथे नावापुरतेच उरले होते.

४ एप्रिल १७६५ रोजी अकेडियन प्रमुखांनी दोतरीव या जमीनदाराशी करार केला. प्रत्येक कुटुंबाला पाच सवत्स गायी व एक वळू सहा वर्षांसाठी मिळावेत, मुदतीअंती तेवढीच जनावरे परत करून वाढाव्यातील निम्मा वाटा मालकाला द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. आपल्याकडील अर्धलीने जनावरे पाळण्याच्या रीतीशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या खिल्लारांचे मालक असलेले हे शेतकरी आता दुसऱ्याच्या गायींचे राखणदार झाले. ८ एप्रिल रोजी जोसेफची अटाकापा भागातील अकेडियन लोकांचा प्रमुख व नागरी सेनेचा कप्तान म्हणून नेमणूक झाली.

बायू टेशच्या काठी वस्ती उभी राहिली. सोबतच्या धर्मगुरूच्या नोंदवहीत तिचा उल्लेख ‘नवी अकेडिया’ असा येतो. मात्र त्याच उन्हाळ्यात साथीने थैमान घातले. अलेक्झांडरचे दफन १८ सप्टेंबर रोजी, तर जोसेफचे २० ऑक्टोबर १७६५ रोजी झाले. नेमणुकीला जेमतेम सहा महिने झाले होते.

निष्कर्ष

१. पांगविण्याचे धोरण जमीन हिरावण्यात यशस्वी झाले, नाती तोडण्यात पूर्णतः यशस्वी झाले नाही. प्रमुखांच्या मृत्यूनंतरही वस्ती टिकली, कारण तिचा पाया एका पुढाऱ्यावर नव्हे, तर परस्परांशी सोयरिकीने बांधलेल्या कुटुंबांवर होता. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी सुमारे १,६०० अकेडियन लुइझियानात आले. त्यांच्याच वंशजांना आज ‘कॅजन’ म्हणतात.

२. पुनर्वसनाची तारीख ही दुःखाच्या समाप्तीची तारीख नसते. नव्या भूमीवरील पहिल्याच वर्षातील दफनांच्या नोंदी हेच सांगतात.

३. पीडित समाज इतिहासात कायम पीडितच राहतो असे नाही. अटाकापा या मूळ रहिवाशांच्या भूमीवर ही वस्ती झाली आणि पुढील पिढ्यांतील अनेक अकेडियन कुटुंबांनी आफ्रिकी गुलाम बाळगले. ही बाजू वगळून केलेले लेखन एकांगी ठरेल.

डिसेंबर २००३ मध्ये कॅनडाच्या राजघोषणेने या हद्दपारीची व तिच्या परिणामांची दखल घेतली आणि २००५ पासून २८ जुलै हा स्मरणदिन ठरविला. मात्र कायदेशीर वा आर्थिक जबाबदारी स्वीकारली नाही. गेलेली जमीन परत मिळाली नाही. घडले ते घडले, एवढी कबुली अडीचशे वर्षांनी मिळाली. विस्थापनाचा इतिहास शिकविताना आकड्यांच्या जोडीने एका तरी कुटुंबाचा माग विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, असे या अभ्यासाच्या आधारे सुचवावेसे वाटते.