कोण बोलतंय?

माझा पुतण्या मध्यंतरी चार दिवस गणपतीपुळ्याला येऊन राहिला. दोन दिवस समुद्र झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पडवीत लॅपटॉप उघडून स्वारी कपाळाला हात लावून बसलेली! त्याच्या ऑफिसचे फोन इंटरनेटवरून चालतात. रात्रीतून कोणीतरी त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरलं आणि परदेशातल्या महागड्या नंबरांवर फोन लावत सुटलं. बिल अर्थातच ऑफिसच्या नावावर.

मी विचारलं, "अरे, पण एक्स्चेंजने त्याला ओळखलं कसं नाही?"

"ओळखलं ना काका. आमचाच माणूस म्हणून ओळखलं!"

मंडळी, या उत्तराने मी विचारात पडलो. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं तेव्हापासून ग्राहकाची ओळख म्हणजे त्याची तार. अमुक तारेवरून हाक आली म्हणजे अमुक ग्राहक. पुढे ट्रंक कॉलच्या काळात आपला नंबर सांगायचा, फोन ठेवायचा आणि वाट बघत बसायचं. तास-दोन तासांनी कॉल लागला की एक्स्चेंजच आपल्याला उलट फोन करी. तेव्हा आम्हाला ती कटकट वाटे. पण त्यात पडताळणीही आपोआप होत होती. खोटा नंबर सांगितला तर घंटी भलत्याच्याच घरी वाजणार!

१९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान एस.टी.डी. सुरू झाली, मग हळूहळू सगळीकडे आली आणि मधला ऑपरेटर गेला. तार तीच, पण डायल कोण फिरवतंय हे विचारणारं कोणी उरलं नाही. म्हणून लोक डायलच्या भोकात छोटंसं कुलूप घालीत. आमच्या हेडसरांच्या फोनलाही होतं. नववीतल्या एका पोराने मला दाखवलं की रिसीव्हर ठेवायची बटणं टकटक दाबली तरी नंबर लागतो. पाचाला पाच टिचक्या, शून्याला दहा. (हेडसरांना मी हे कधी सांगितलं नाही.)

आपल्या देशात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही बऱ्याच अटी घालून. त्याच वर्षी जूनमध्ये 'सिप' या पद्धतीची सुधारित नियमावली प्रसिद्ध झाली. इथे ओळखायला तारच नाही! हाक जगात कुठूनही येऊ शकते. मग सर्व्हर काय करतो? आधी नकार देतो. त्या नकाराचा आकडा ४०१. नकारासोबत एक नवी कोरी संख्या पाठवतो. फोनने आपला पासवर्ड आणि ती संख्या एकत्र दळायची आणि फक्त पीठ परत पाठवायचं. सर्व्हरही आपल्याकडे तेच दळतो आणि दोन्ही पिठं जुळली तर फोन लावू देतो. पासवर्ड स्वतः वाटेवर कधी येतच नाही. मधल्या चोराने पीठ पळवलं तरी त्यातून दाणे परत होत नाहीत, आणि पुढच्या वेळी संख्या वेगळी. मला हे फार आवडलं.

"मग बिघडलं कुठे?"

तो ओशाळला. १०१ नंबरच्या फोनचा पासवर्डही १०१च ठेवलेला!

आणखी एक गंमत त्याने सांगितली. ते 'अ‍ॅस्टेरिस्क' नावाची प्रणाली वापरतात, मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली सुरू केलेली. तिच्या जुन्या आवृत्त्यांत अनोळखी पाहुण्याची हाकही मुळातच स्वीकारलेली असे. ते कलम आपण शोधून बंद करायचं. शिवाय 'या नावाचं इथे कोणी नाही' आणि 'पासवर्ड चुकला' अशी दोन वेगळी उत्तरं दिली, तर कोणते नंबर खरे आहेत ते चोराला फुकटात कळतं. म्हणून दोघांनाही एकच उत्तर द्यायचं.

हे ऐकताना मला आमच्या रत्नागिरीचा तोतया आठवला. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंना ते कधी पटलं नाही. पुढे सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. पेशव्यांनी त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात डांबलं. १७७६ साली तिथल्याच अधिकाऱ्याने, रामचंद्र नाईक परांजप्यांनी, त्याला भाऊसाहेब म्हणून बाहेर काढलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. शेवटी पकडून त्याला त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात मारलं. तोतयाला लोक जसजसे प्रश्न विचारत असतील, तसतसा तो त्या प्रश्नांतूनच भाऊ व्हायला शिकत गेला असेल, असं मला नेहमी वाटतं. एकच उत्तर द्यायचं हे तेव्हा कोणाला सुचणार!

असो. संध्याकाळपर्यंत पुतण्याने पाहुण्यांचं दार बंद केलं, सगळे पासवर्ड बदलले, परदेशी फोन मोजक्याच नंबरांना मोकळे ठेवले. जाता जाता माझ्या मोबाईलवरही तसला फोन बसवून दिला आणि म्हणाला, "पासवर्ड तुम्हीच सांगा."

मी लगेच गणपतीचं नाव सांगितलं.

"काका, गणपती चोरालाही माहीत असतो."

मग त्याने स्वतःच वीस अक्षरांचं काहीतरी घातलं. ते मी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. त्याला सांगू नका.