सात इंचांची उणीव : लघुप्रतिकृती रेल्वे इंजिनांतील फेरबदलांचा इतिहास

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात कारखानदार, कामगार, भांडवल आणि बाजारपेठ यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. कारखान्यात तयार झालेली वस्तू विकत घेऊन ती घरी उघडणारा, कापणारा व पुन्हा जोडणारा हौशी मनुष्य मात्र या इतिहासात सहसा आढळत नाही. लघुप्रतिकृती रेल्वेच्या क्षेत्रात अशा माणसांची परंपरा शंभर वर्षांच्या जवळपास जाते. त्यांनी केलेले बदल हा केवळ फावल्या वेळचा उद्योग होता, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही. एका व्यापारी तडजोडीला दिलेले ते तांत्रिक उत्तर होते आणि त्या उत्तराची किंमतही मोजावी लागली. प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटनमधील अनुभवाच्या आधारे या परंपरेचा विचार केला आहे.

तडजोडीचा उगम

१८९१ मध्ये जर्मनीतील मार्कलिन कंपनीने खेळण्यातील गाड्यांसाठी रुळांची क्रमांकित मापे ठरवली. त्यामुळे एकदा घेतलेल्या रुळांवर नवनवी गाडी चालवणे ग्राहकाला शक्य झाले. पहिल्या महायुद्धानंतर घरे लहान होत गेली, तशी गाड्यांची मापेही आकसली. १९२२ च्या सुमारास बिंग कंपनीची टेबलावर मांडता येणारी रेल्वे बाजारात आली आणि तेव्हा प्रचलित असलेल्या ३२ मि.मी. रुळांच्या निम्म्या रुंदीचे माप, म्हणजे सुमारे १६.५ मि.मी., रूढ होऊ लागले.

युरोप खंडात या रुळांवर १:८७ प्रमाणातील, म्हणजे एका फुटाला ३.५ मि.मी. धरून केलेली गाडी बेताची बसत असे. ब्रिटनमध्ये मात्र अडचण आली. तेथील बोगदे व पूल आरंभीच्या काळातील असल्याने मूळ इंजिनेच अरुंद आणि बुटकी होती. ती ३.५ मि.मी. प्रमाणात केली की त्या काळच्या विजेच्या मोटारी आत मावत नसत. यावर निघालेला तोडगा व्यवहारी होता. इंजिन ४ मि.मी. प्रमाणात मोठे करायचे आणि रूळ १६.५ मि.मी.चेच ठेवायचे. हेच ‘डबल ओ’ माप होय. लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही मालिका याच मापात आणली आणि ब्रिटनपुरता हा प्रश्न निकालात निघाला.

निकाल गणितात मात्र बसत नव्हता. चार मिलिमीटरला एक फूट धरल्यास १६.५ मि.मी. म्हणजे ४ फूट १½ इंच. प्रत्यक्षातील रूळ ४ फूट ८½ इंच अंतरावर होते. सात इंचांची ही उणीव समोरून पाहताना लगेच डोळ्यांत भरते : रुंद अंगाचे इंजिन आणि त्याखाली आत ओढून घेतलेली चाके. पुढील सगळा इतिहास या सात इंचांभोवती फिरतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

एक साचा, चार कंपन्या

कारखान्याची तडजोड मापापुरतीच नव्हती. १९२३ पासून ब्रिटनमधील रेल्वे चार मोठ्या कंपन्यांत विभागली होती. ‘हॉर्नबी डब्लो’चे सहा चालक चाकांचे टाकी-इंजिन लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या ‘एन-टू’ वर्गावरून घेतलेले होते. तेच इंजिन चारही कंपन्यांच्या रंगांत विकले गेले. उरलेल्या तीन कंपन्यांकडे त्या वर्गाचे एकही इंजिन नव्हते. लहान मुलाला याचे सोयरसुतक नव्हते, पण गाडीच्या येण्याजाण्याची वही ठेवणाऱ्या प्रौढ ग्राहकाला ते खुपत असे. (असे ग्राहक सर्वच देशांत असतात आणि विक्रेत्यांना ते फारसे आवडत नाहीत.)

‘सर नायजेल ग्रेस्ली’ या इंजिनाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याचेही मॉडेल १९३८ मध्ये आले. मूळ इंजिन १९३७ मध्ये ४४९८ या क्रमांकाने सेवेत आले. युद्धकाळात देखभाल सुलभ व्हावी म्हणून त्याच्या चाकांवरील पत्र्याचे आच्छादन काढण्यात आले. १९४६ मध्ये त्याचा क्रमांक ७ झाला आणि १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ६०००७. १९५७ मध्ये त्याला दुहेरी धुराडे बसले. निळा, काळा, हिरवा असे रंगही बदलत गेले. म्हणजे ‘हे इंजिन’ असे काही नसून ‘या इंजिनाची अमुक वर्षातील अवस्था’ असते. डब्यातून निघालेल्या मॉडेलला विशिष्ट वर्षात नेऊन बसवायचे, तर आच्छादन कापणे, धुराडे बदलणे, जुना रंग खरवडून नवा देणे आणि क्रमांक लिहिणे एवढे सर्व करावे लागे. हे करण्याआधी तारीख असलेले छायाचित्र शोधावे लागे आणि छायाचित्रावरील तारखेवर विश्वास ठेवावा की नाही, हेही ठरवावे लागे. साधनचिकित्सा यापेक्षा फारशी वेगळी नसते.

चाके, आस आणि डाख

फेरबदलांच्या पहिल्या लाटेमागे विजेची अडचण होती. प्रारंभीच्या ‘डब्लो’ रुळांमध्ये तीन पट्ट्या असत. बाहेरचे दोन्ही रूळ मिळून विजेचा एक ध्रुव आणि मधली पट्टी दुसरा. त्यामुळे धातूची चाके धातूच्याच आसावर बसवून भागत असे. मधली पट्टी खऱ्या रेल्वेत नसते, म्हणून हौशी मंडळींना दोनच रूळ हवे होते. दोन रुळांना दोन ध्रुव दिले की धातूची चाके व आस यांतून सरळ शॉर्ट सर्किट होते. तेव्हा एका बाजूची चाके निरोधक पदार्थ वापरून आसापासून वेगळी करणे भाग पडे. कंपनीने स्वतः दोन रुळांची पद्धत १९५९ मध्ये स्वीकारली. तोवर हे काम अनेकांनी स्वयंपाकघरातील टेबलावर उरकले होते.

दुसरी लाट तयार चॅसीवर नवे अंग चढवण्याची. ‘विल्स’सारख्या छोट्या उत्पादकांनी व्हाइट मेटल या लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचे सुटे भाग विकायला आणले. ट्राय-अँग कंपनीच्या स्वस्त इंजिनाचे प्लॅस्टिकचे कवच काढून त्याच्या चालत्या सांगाड्यावर हे अंग बसवता येई. डाख देताना हात थोडा रेंगाळला, तर भाग डोळ्यांदेखत पातळ होऊन वाहून जाई. पुढे रासायनिक प्रक्रियेने कोरलेल्या पितळी पत्र्यामुळे नावाच्या पाट्या, पायऱ्या व कठडे यांत अधिक सफाई आली.

खरा कस लागला तो रुळांचे माप सुधारताना. प्रथम १८ मि.मी. आणि नंतर १८.२ मि.मी. हे ‘ईएम’ माप पुढे आले. १९५५ मध्ये त्याच्या पुरस्कर्त्यांची संस्था स्थापन झाली. १९६६ मध्ये एका अभ्यासगटाने तडजोडच नाकारली आणि १८.८३ मि.मी. हे तंतोतंत माप मांडले. ‘पी-फोर’ या नावाने ते ओळखले जाते. यात चाकाची आतली कड अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल असते. रूळ किंचित जरी खालीवर असले तरी चाक उतरण्याची भीती, म्हणून प्रत्येक चाक रुळाला टेकत राहील अशी हलती जोडणी चॅसीत करावी लागते. चाके बाहेर सरकली की दोन्ही बाजूंच्या क्रँकही बाहेर येतात आणि सिलिंडरमागच्या मार्गदर्शक पट्ट्यांना घासू लागतात. शिवाय दोन्ही बाजूंच्या क्रँक एकमेकींशी काटकोनात राहिल्या पाहिजेत, आणि हा कोन सर्व आसांवर सारखाच हवा. तो जरासा चुकला तरी इंजिन लंगडते.

अचूकतेची किंमत

चाके रुंद केलेले इंजिन शेजाऱ्याच्या रुळांवर चालत नाही. मार्कलिनने १८९१ मध्ये सामायिक मापाची जी सोय निर्माण केली होती, ती अचूकतेच्या मागे लागलेल्यांनी जाणूनबुजून सोडली. त्यामुळे एकाच छंदाचे तीन गट पडले आणि मासिकांतून वादही झडले. बहुसंख्य लोक ‘डबल ओ’तच राहिले. त्यांना आळशी ठरवणे अन्यायाचे होईल. क्लबात चार जणांसह गाडी चालवण्याचे सुख त्यांना सात इंचांपेक्षा मोलाचे वाटले.

ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात हे दोन्ही विचार एका छपराखाली पाहायला मिळतात. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांनी बदलत चाललेल्या खेड्यांची नोंद करण्याच्या ध्यासातून १९५४ मध्ये त्याची स्थापना केली. तेथील गाड्या १८ मि.मी. रुळांवर चालतात. त्यांतील अनेक इंजिने गाय विल्यम्स यांनी हातांनी घडवली. त्याच संग्रहालयात जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ जपली आहे. ती संपूर्ण काल्पनिक आणि १६.५ मि.मी.चीच आहे. मॅडर व्हॅलीपुढे उभ्या राहणाऱ्याला माप चुकल्याची आठवण क्वचितच होत असेल. पेंडनच्या इंजिनांचे महत्त्व निराळे आहे. १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचे युग संपले आणि हजारो इंजिने भंगारात गेली. त्यांची अंगकाठी त्रिमितीत पाहण्याचा मार्ग अशा प्रतिकृतींतूनच उरला.

भारतीय संदर्भ

महाराष्ट्रात या छंदाचे सार्वजनिक रूप म्हणजे पुण्यातील कोथरूड येथे भाऊ जोशी यांच्या प्रयत्नांतून १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय. त्याचे प्रमाण १:८७ आहे. या प्रमाणात १६.५ मि.मी.चे रूळ युरोपीय गाडीला अचूक बसतात, परंतु १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीपासून आपल्याकडील मुख्य मार्ग ५ फूट ६ इंचांचे आहेत. १:८७ प्रमाणात ते १९.२५ मि.मी. होतात, तर ४ मि.मी. प्रमाणात बरोबर २२ मि.मी. म्हणजे भारतीय ब्रॉडगेजचे इंजिन १:८७ प्रमाणात करून बाजारात मिळणाऱ्या रुळांवर ठेवले, तर सुमारे साडेनऊ इंचांची उणीव राहते. ब्रिटिश हौशी मंडळींना छळणाऱ्या उणिवेहून ती अडीच इंचांनी अधिक आहे. ती भरून काढू पाहणाऱ्याला चाके सरकवून थांबता येत नाही. रूळ, सांधे आणि स्लीपरही त्याला स्वतःच्या हातांनीच घालावे लागतात.