बसथांब्यावरील पार्किंग व सुगम्यता : नांदेड व लातूर

बसथांब्याच्या आजूबाजूला कोणते वाहन उभे राहू शकते, थांब्याची बांधणी कशी असावी आणि दिव्यांग, वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना बसच्या दारापर्यंत अडथळ्याविना कसे पोहोचता यावे, यांविषयीचे नियम. नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका (स्थापना २६ मार्च १९९७) आणि लातूर शहर महानगरपालिका (स्थापना २५ ऑक्टोबर २०११) यांच्या हद्दींत ते मोटार वाहन कायदा, महानगरपालिका अधिनियम, दिव्यांग हक्क कायदा आणि बांधकाम नियमावली अशा चार ठिकाणी विखुरलेले आहेत. पार्किंगचा नियम पोलिसांचा आणि सुगम्यतेचा नियम बांधकाम विभागाचा, अशी वाटणी कारभारात रूढ झाली आहे. थांब्यावर मात्र दोन्ही नियमांची जागा एकच असते.

घटनात्मक पाया : ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे विषय तीत दिलेले आहेत. तिच्या १७ व्या नोंदीत रस्त्यावरील दिवे, वाहनतळ, बसथांबे व सार्वजनिक सोयी यांचा उल्लेख एकत्र आहे; ९ व्या नोंदीत दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा विषय आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार (मूळ मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) रस्त्यांवरील अडथळे दूर करणे हे महापालिकेचे बंधनकारक काम आहे, तर बससेवा चालवणे ऐच्छिक. म्हणजे स्वतःची एकही बस नसलेली महापालिकाही थांब्याभोवतीचा रस्ता मोकळा ठेवण्याच्या जबाबदारीतून सुटत नाही. कलम ४५८ खाली महापालिकेला उपविधी करता येतात. ते राज्य शासनाच्या मान्यतेनंतर लागू होतात.

थांब्यांचे प्रकार : या दोन शहरांत व त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर थांब्यांचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला, महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची (एसटी) बसस्थानके; त्यांची जागा महामंडळाच्या ताब्यात असते. दुसरा, शहरातील रस्त्यांवरचे बसथांबे. तिसरा, गावांच्या फाट्यांवरील प्रवासी निवारे. ते अनेकदा आमदार किंवा खासदार निधीतून उभे राहतात, पण पुढे त्यांची देखभाल कोणी करायची हे बहुधा ठरलेले नसते. याखेरीज एसटीचे विनंती थांबे आहेत. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ या धोरणामुळे बांधलेला थांबा नसलेल्या जागीही प्रवासी चढतात-उतरतात. अशा जागांना पार्किंगबंदीचे संरक्षण मिळत नाही.

ही दोन्ही शहरे ज्या मराठवाड्यात आहेत, तेथे सरकारी बससेवा निजामाच्या काळात आली. निजाम संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये येथील राज्य परिवहन सेवा सध्याच्या महामंडळात विलीन झाली.

पार्किंगचे नियम : रस्त्यावरील वर्तनाचे १९८९ चे केंद्रीय विनियम आणि त्यांची जागा घेणारे मोटार वाहन (चालन) विनियम, २०१७ या दोहोंत बसथांब्याजवळ वाहन उभे करण्यास मनाई आहे. शाळा-रुग्णालयांची प्रवेशद्वारे आणि अग्निशमनाचे नळ यांच्या रांगेतच बसथांब्याला स्थान दिलेले आहे. पदपथावर वाहन उभे करणे, उभ्या वाहनाला लागून दुसरी रांग लावणे, पादचारी मार्गाजवळ थांबणे हेही निषिद्ध आहे. ही मनाई थेट विनियमातून येते, त्यामुळे ‘फलक नव्हता’ हा बचाव बसथांब्यापुरता लंगडा ठरतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने कोठे उभी राहतील आणि प्रवासी वाहने कोठे थांबतील हे राज्य शासन किंवा त्याने नेमलेला प्राधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतो. २०१९ च्या दुरुस्तीने रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षितता व वाहतुकीचा सुरळीत प्रवाह यांना प्राधान्य देण्याचे बंधन या कलमात आले. वाहन धोकादायक स्थितीत उभे करणे हा कलम १२२ खालील गुन्हा असून सोडून दिलेले वाहन कलम १२७ नुसार उचलून नेता येते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये दंड आहे.

बसस्थानकांच्या दारात लागणाऱ्या काळी-पिवळी जीप, खासगी बस व ॲपे रिक्षा हा वेगळा प्रश्न आहे. स्थानकाच्या २०० मीटर परिसरात खासगी प्रवासी वाहनांना मनाई असल्याचे फलक राज्यभर दिसतात. या पट्ट्यातली कारवाई वाहतूक पोलिस व परिवहन कार्यालय यांच्याकडे असते. महामंडळाचा अधिकार स्थानकाच्या आवारापुरता चालतो.

अधिकारांची विभागणी : नांदेड व लातूर येथे पोलिस आयुक्तालय नाही. त्यामुळे ‘नो पार्किंग’, एकेरी वाहतूक वा सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या अधिसूचना जिल्हाधिकारी किंवा जिल्हा पोलिस अधीक्षक यांच्या पातळीवर निघतात आणि अंमल शहर वाहतूक शाखा करते. पट्टे मारणे, फलक लावणे, पदपथ बांधणे व अतिक्रमण हटवणे ही महापालिकेची कामे आहेत. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा व नांदेड यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरील थांब्यांबाबत महामार्ग प्राधिकरणाचाही संबंध येतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११७ खालचा अधिकार त्यालाही मिळाला आहे.

सुगम्यतेचे नियम : दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४१ नुसार बसथांबे, रेल्वेस्थानके व विमानतळ येथे वाहनतळ, स्वच्छतागृह, तिकीट खिडकी व तिकीट यंत्रे दिव्यांगांना वापरता येतील अशी करणे, तसेच रस्ते सुगम्य करणे ही शासनाची जबाबदारी आहे. बसस्थानकाचा समावेश या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत स्पष्टपणे केलेला आहे. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नव्या बांधकामाला कलम ४४ नुसार परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ ने नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम १५ जून २०१७ ला निघाले. म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्ये संपली. कायद्याच्या भंगाबद्दल कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि नंतर ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय नियमांतील नियम १५ (१) रद्दबातल ठरवला. कायदा सक्तीची मानके मागत असता हा नियम केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, हे त्यामागचे कारण. किमान सक्तीची मानके तीन महिन्यांत ठरवावीत, असा आदेश केंद्राला देण्यात आला.

राज्याच्या पातळीवर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (डिसेंबर २०२०) दोन्ही महापालिकांना लागू आहे. सार्वजनिक वापराच्या इमारतींत अडथळामुक्त प्रवेशाची तरतूद तिच्यात स्वतंत्रपणे केलेली आहे. दिव्यांगांच्या वाहनांसाठी प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत किमान दोन मोटारींची जागा, तिची रुंदी किमान ३.६ मीटर आणि चाकाच्या खुर्चीचे ठळक चिन्ह असावे लागते. उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे.

थांब्याची रचना : भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी सुविधांविषयक संहितेनुसार पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी राहावी. १५० मिलिमीटर उंचीच्या पदपथावर चाकाची खुर्ची चढवायची तर १:१२ प्रमाणात १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. खुर्ची वळवण्यासाठी दीड मीटर व्यासाची सपाट जागा हवी. दृष्टिहीनांसाठी ३०० मिलिमीटर रुंदीच्या उठावदार फरश्यांची पट्टी थांब्यापर्यंत अखंड असावी. ती विजेच्या खांबाला वा रोहित्राच्या चौथऱ्याला जाऊन भिडली, तर नसलेली बरी.

शहरी बसच्या फरशीची उंची प्रकारानुसार ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर असते. ४०० मिलिमीटरची बस १५० मिलिमीटरच्या पदपथाला लागून उभी राहिली, तर मधले अंतर २५० मिलिमीटर उरते आणि लहान फळी टाकून खुर्ची आत नेता येते. त्याच कडेला एक मोटार किंवा दुचाकींची रांग उभी असेल, तर बस दीड-दोन मीटर अलीकडे, भर रस्त्यात थांबते. प्रवाशाला पदपथावरून खाली उतरावे लागते, वाहनांच्या फटीतून वाट काढावी लागते आणि डांबरावरून पूर्ण ४०० मिलिमीटर चढावे लागते. फळीचा उतार अशा वेळी इतका तीव्र होतो की तिचा उपयोग राहत नाही. उतार, फरश्या व कमी उंचीची बस यांवर झालेला खर्च एका चुकीच्या पार्किंगने वाया जातो. साध्या एसटीच्या दारात पायऱ्याच असल्याने काठी वा कुबडी घेऊन चढणाऱ्यांची अडचण आणखी मोठी असते.

बसच्या बांधणीबाबत केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये नियमदुरुस्ती केली. त्यानुसार १ मार्च २०२० पासून राखीव आसने, कुबड्या-काठ्या ठेवण्याची सोय, आधाराचे दांडे आणि चाकाची खुर्ची आत घेऊन जागेवर पक्की करण्याची व्यवस्था यांचा समावेश आवश्यक झाला. साध्या एसटी बसमध्ये दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सोबतच्या व्यक्तीलाही ५० टक्के सवलत मिळते.

नांदेड : २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख. २००८ मध्ये गुरू ग्रंथ साहिब यांच्या गुरुगादीचा त्रिशताब्दी सोहळा येथे झाला. त्यानिमित्त जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या निधीतून शहराच्या मुख्य रस्त्यांचा कायापालट झाला. दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या संस्थेने केलेल्या आराखड्यात पदपथ, सायकल मार्ग, बसथांबे, रिक्षा व मोटारी लावण्याच्या जागा, विक्रेते आणि झाडे यांना रस्त्याच्या छेदातच आपापली जागा दिली होती. वाहनतळ आधी आखला म्हणजे थांबा आपोआप मोकळा राहतो, हे त्यामागचे तत्त्व. देशातील पादचारीकेंद्री रस्त्यांच्या चर्चेत त्यामुळे नांदेडचे नाव आजही निघते. शहराचा ताण वेगळ्या प्रकारचा आहे. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात वर्षभर येणाऱ्या भाविकांत वृद्ध मोठ्या संख्येने असतात, आणि होला-मोहल्ला, दसरा अशा सणांना वाहतूक वळवण्याच्या तात्पुरत्या अधिसूचना निघतात. विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय शहराबाहेर असल्याने तिकडच्या थांब्यांवर रुग्ण व त्यांचे नातेवाईक असतात.

लातूर : २०११ ची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. सोळा रस्ते जिथे मिळतात ती गंजगोलाई ही या शहराच्या बाजारपेठेची खूण. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने केलेली ही वर्तुळाकार मांडणी बैलगाड्या व पायी ग्राहकांच्या काळातली. आज तीच जागा टेम्पो, रिक्षा, हातगाडे आणि दुचाकी यांना पुरवायची आहे. दुसरा ताण शिकवण्यांचा. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे बाहेरगावचे हजारो विद्यार्थी येथे राहतात, आणि उद्योग भवन परिसरातल्या ट्युशन एरियात वर्ग सुटण्याच्या वेळी पदपथ दुचाकींनी भरून जातात. पार्किंगची गरज अशी ठरावीक वेळेला उसळणारी असल्याने येथे दिवसभराच्या सरसकट बंदीपेक्षा वेळेनुसार निर्बंध अधिक उपयोगी पडतात. कलम ११७ तशी मुभा देते. बसथांब्याची जागा मात्र कोणत्याही वेळी मोकळीच राहावी लागते.

तक्रार व दाद : उभ्या वाहनाची तक्रार वाहतूक शाखेकडे, तुटलेल्या उताराची वा अतिक्रमणाची महापालिका आयुक्तांकडे आणि स्थानकातील गैरसोयीची आगारप्रमुख किंवा विभाग नियंत्रकांकडे करावी. एखादी जागा थांबा म्हणून अधिसूचित आहे का, तिथल्या दुरुस्तीवर किती खर्च झाला, हे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली विचारता येते. या कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवल्यास दिव्यांग व्यक्तीला पुण्यातील राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. चौकशीच्या कामी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

मूल्यमापन : कायद्यांची उणीव नाही. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना (२०२३) तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी असून दोन्ही शहरे त्या निकषात बसतात. नव्या बस येताना त्यांच्या थांब्यांची अधिसूचना, रस्त्यावरचे पट्टे आणि पदपथाचा उतार या तिन्ही गोष्टी एकाच आदेशात व एकाच अंदाजपत्रकात घेतल्या, तरच कमी उंचीच्या बसचा लाभ प्रवाशाच्या पदरात पडेल.