बोळाचं तोंड

लक्ष्मी रोड तुंबला की मी आपली मोटरसायकल बोळात घालतो. सदाशिव, नारायण या पेशवाईतल्या पेठा. घोडे, पालख्या आणि पायी चालणारी माणसं, एवढ्यांसाठीच वसलेल्या. जेमतेम हँडल मावेल अशा जागेतून निसटायचं कसब मात्र माझं नाही, बाबांच्या सायकलचं आहे.

पुणं तेव्हा सायकलींचं गाव होतं. मला कॅरिअरवर बसवून बाबा याच बोळांतून न्यायचे. "पाय आवर रे!"

आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी होत होत्या, १९७२ साली चेतकही आली. पण नंबर लागायला वर्षानुवर्षं. तेवढंच सायकलींना जीवदान! १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. हलकी, पेट्रोल पुरवून पिणारी. मग काय, घरटी गाड्या झाल्या. बोळ होते तेवढेच राहिले. (बसबद्दल न बोललेलंच बरं.)

साठीनंतर एकदा बाबांना बोळाच्या तोंडाशी एका मोटरसायकलनं पाडलं. पोरगा थांबलाही नाही. गुडघा गेला, सायकल सुटली. आम्ही त्या पोराला भरपूर शिव्या घातल्या. बाबा एवढंच म्हणाले, "तूही तिथून तसाच निघतोस की."

आता तिथे मी थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात.