दुरुस्तीचा अधिकार : आकृतिबंध, कार्यशाळा आणि मराठी गझल

मराठी समीक्षेत ‘आकृतिबंध’ ही संज्ञा प्रामुख्याने सिद्ध झालेल्या कलाकृतीच्या संदर्भात वापरली जाते. कृती पूर्ण होते आणि मग समीक्षक तिचा घाट उलगडून दाखवतो. परंतु एकच घाट जेव्हा पुष्कळ रचनाकारांच्या हाती वावरत असतो, तेव्हा त्या घाटाची तपासणी कोणी करावी आणि तो सदोष ठरल्यास दुरुस्त कोणी करावा, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो नेटाने विचारला तो संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांनी. लक्षणीय बाब ही की, उत्तरासाठी त्यांनी जी पद्धत स्वीकारली ती कवींची होती.

ह्या प्रकरणाचा उगम वास्तुविचारात आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर ह्या वास्तुशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये घाटाच्या संश्लेषणाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या परिशिष्टातील सविस्तर उदाहरण भारतातील सहाशे वस्तीच्या एका खेड्याचे होते. गुजरातेतील एका खेड्यात तो स्वतः काही काळ राहिला होता. १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह त्याने २५३ आकृतिबंधांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या लेखी आकृतिबंध म्हणजे केवळ आकार नव्हे. एक विशिष्ट संदर्भ, त्या संदर्भात एकमेकींविरुद्ध खेचणाऱ्या ओढी, आणि त्या ओढींचा तोल साधणारी रचना, असे त्याचे त्रिविध स्वरूप आहे. मर्ढेकरांच्या लयविचारातील संवाद, विरोध आणि समतोल ह्यांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र मर्ढेकरांचा समतोल कलाकृतीच्या अंतर्गत आहे, तर अलेक्झांडरचा समतोल वापरणाऱ्याच्या जगण्याशी बांधलेला आहे.

१९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी ही कल्पना आज्ञावलीच्या रचनेला लावून पाहिली. १९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस ह्या चौघांचा तेवीस आकृतिबंधांचा ग्रंथ आला. त्यांपैकी ‘ऑब्झर्व्हर’ हा आकृतिबंध पाहिला तरी एकंदर स्वरूप कळते. माहितीचा एक स्रोत आहे. तो बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या अनेक घटकांना ते कळले पाहिजे. पण प्रत्येक घटकाची ओळख स्रोताच्या अंगात शिरली तर दोन्ही बाजू एकमेकींत गुंतून बसतात. उकल अशी की, ज्यांना गरज आहे त्यांनी वर्गणीदारासारखी स्वतःची नोंद करावी आणि स्रोताने फक्त बदल झाल्याची वर्दी द्यावी. ही उकल चौघांनी शोधलेली नव्हती. ती ठिकठिकाणी वापरात होती. चौघांनी तिला नाव, कारण आणि मर्यादा दिल्या. ह्या वर्तुळात असा संकेतच रूढ झाला की, किमान तीन स्वतंत्र ठिकाणी आढळल्याखेरीज एखाद्या उकलीला आकृतिबंध म्हणू नये. मौलिकतेचा दावा येथे गुण नव्हे, अपात्रताच ठरते.

अशा लेखनाची परीक्षा कशी करावी? ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, अ‍ॅलर्टन पार्क येथे ह्या मंडळींची पहिली परिषद भरली. तेथे शोधनिबंध वाचून शंकासमाधान करण्याची विद्यापीठीय रीत बाजूला सारून रिचर्ड गॅब्रिएल ह्यांच्या सूचनेवरून ‘लेखक-कार्यशाळा’ योजण्यात आली. गॅब्रिएल हे संगणकशास्त्रज्ञ, आणि कवीही. लेखक आपल्या मजकुराचा एखादा अंश मोठ्याने वाचतो आणि मग मौन धरतो. मंडळ त्याच्यासमोर, पण तो तेथे नसल्यासारखे, तृतीयपुरुषात बोलते. आधी मजकुराचा आशय सांगितला जातो, मग त्यातील जमलेले भाग, आणि त्यानंतर सुधारणा. शेवटी लेखकाला एखादी सूचना समजली नसेल तर विचारता येते, समर्थन करता येत नाही. परिषदेपूर्वीही प्रत्येक लेखकाला एक अनुभवी वाचक नेमून दिलेला असतो. त्याला ‘मेंढपाळ’ म्हणतात, आणि त्याच्या सूचनांवरून मजकूर पुनःपुन्हा लिहिला जातो.

ही रीत आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कार्यशाळेच्या वळणाची आहे आणि तिच्यावर नवसमीक्षेच्या वातावरणाची छाया आहे, हे उघड आहे. लेखकाच्या हेतूला प्रमाण न मानणे हे तेथे तत्त्व होते. येथे ते बैठकीचे शिस्तपत्रक झाले. त्यामागे व्यावहारिक निकडही होती. आकृतिबंध वापरणाऱ्याजवळ त्याचा लेखक खुलासा करायला बसलेला नसतो. मजकुरात जे उतरले नाही, ते वापरणाऱ्याला मिळत नाही. लेखकाचे मौन ही त्या भावी गैरहजेरीची तालीम आहे.

असे सामुदायिक कर्तृत्व मराठीला अपरिचित नाही. बाळकुम हे आज ठाणे शहरात सामावलेले गाव. ठाण्याच्या परिसरातील अशा आगरी-कोळी गावठाणांच्या टापूत लग्नविधी धवले गाऊन पार पाडणाऱ्या धवलारिणींची परंपरा आहे. धवल्याचा सांगाडा ठरलेला. वधूवरांची नावे आणि नाती दर लग्नात नवी. शिकणारी बाई जाणतीच्या सुरात सूर मिसळून शिकते, आणि गाताना जे जिभेवर टिकत नाही ते पुढच्या लग्नात आपोआप गळते. तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांमुळे ह्या प्रकाराला कर्तीचे नाव लाभले. इतरत्र दुरुस्ती होते, पण ती कोणी केली हे राहत नाही. आणि ती कशासाठी केली, हेही राहत नाही. उलट टोकाला एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी आहे. तेथे यापुढे कोणी ओवी घालू नये असा दंडक आला. अर्थात तो दंडक संहितेपुरता होता. ओवी हा छंद खुलाच राहिला.

खरी अडचण उभी राहते ती गझलेपाशी. माधव ज्यूलियन हे फार्सीचे अभ्यासक, १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे सदस्य आणि ‘छंदोरचना’कार. त्यांचा ‘गज्जलांजलि’ १९३३ चा. त्यांनी गझलेची वृत्ते मराठीत आणली, पण त्यांच्या बहुतेक रचनांत एकच भाव सलग वाहतो. द्विपदीचे स्वायत्त असणे तेथे गौण आहे. म्हणजे आकृतिबंधाचा बाह्य आकार आला, पण तो ज्या ओढींमधून घडला त्यांतील एक महत्त्वाची ओढ मागे राहिली. सुरेश भट (१९३२–२००३) ह्यांनी ही उणीव ओळखली. त्यांच्या ‘गझलेची बाराखडी’ने मतला, काफिया, रदीफ, अलामत ह्यांची रोखठोक व्याख्या केली आणि प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता असल्याचा आग्रह धरला.

ह्या छोट्या पुस्तिकेचे ऐतिहासिक महत्त्व पुरेसे जोखले गेलेले नाही. उर्दू परंपरेत ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे ‘इस्लाह’च्या, म्हणजे दुरुस्तीच्या मार्गाने जाई, गालिबच्या पत्रांत तिचे नमुने आढळतात. भटांनी ती छापून सर्वांपुढे ठेवली. कोणत्याही घराण्यात न शिरता, कोणाचा गंडा न बांधता खेड्यातला तरुण गझल लिहू लागला, ही गोष्ट लहान नाही. परंतु नियम सार्वजनिक झाले तरी दुरुस्ती खाजगीच राहिली. ती भटांच्या पत्रांत आणि बैठकींत होत राहिली. ते गेल्यावर नियम उरले. वृत्त आणि काफिया ह्यांची तपासणी कोणालाही करता येते. शेर झाला आहे की नाही, हे सांगणारी व्यवस्था बाराखडीत नव्हती, आणि अक्षरओळख करून देणाऱ्या पुस्तिकेकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचेही होईल. त्यानंतर निर्दोष आणि निष्प्राण गझलांचे जे पीक आले त्याचा दोष बाराखडीच्या माथी मारणे म्हणूनच सोपे आहे, पण बरोबर नाही. दोष तिला शेवटचा शब्द मानणाऱ्यांचा आहे.

आज्ञावलीकारही ह्या दोषातून सुटले नाहीत. तेवीस आकृतिबंधांचा ग्रंथ लौकरच पाठांतराचा विषय झाला, आणि गरज नसतानाही ते योजण्याची हौस बळावली. १९९६ मध्ये पीटर नॉर्व्हिग ह्यांनी दाखवून दिले की, लिस्पसारख्या लवचीक भाषांत त्या तेवीसांपैकी सोळा आकृतिबंध एकतर अधिक सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. याचा अर्थ, आकृतिबंध सोडवीत असलेली अडचण पुष्कळदा भाषेची असते. भाषा बदलली की त्याची फेरतपासणी अटळ ठरते.

गझलेच्या मराठीकरणात ही फेरतपासणी प्रत्यक्षात झाली, मात्र तिची मीमांसा झाली नाही. उर्दूत शब्दान्तीचा दीर्घ स्वर वृत्तासाठी ऱ्हस्व उच्चारण्याची मुभा आहे. मराठीत लेखनातील ऱ्हस्वदीर्घ हेच लघुगुरूचे प्रमाण, त्यामुळे ती मुभा टिकली नाही. तिच्या जागी एका गुरूऐवजी दोन लघू घेण्याची सवलत रुळली. एका भाषेने बंद केलेली वाट तिने आपल्याच मात्रावृत्तांच्या परंपरेतून दुसरीकडे उघडली. ही निव्वळ तडजोड नव्हे, स्वतंत्र उकल आहे.

स्वरकाफियाचा वादही ह्याच प्रकाशात पाहावा लागेल. ‘वारा, तारा, किनारा’ ह्या शब्दांत ‘रा’ कायम आहे आणि त्याआधीचा ‘आ’ ही अलामत. ‘आला, माझा, वेडा’ ह्यांत केवळ अन्त्य स्वर जुळतो. एक पक्ष ह्याला शैथिल्य म्हणतो, दुसरा सवलत. आकारान्त रूपांची रेलचेल असलेल्या मराठीत निव्वळ स्वरसाम्य श्रोत्याच्या कानाला कितपत जाणवते, रदीफ असताना ते अधिक जाणवते की कमी, आणि मुशायऱ्यात दुसऱ्या ओळीची वाट पाहणाऱ्या श्रोत्याची अपेक्षा त्याने पुरी होते का, हे प्रश्न दोन्ही पक्षांनी बाजूला ठेवले आहेत. वाद अजून बाराखडीत काय लिहिले आहे, एवढ्यावरच चालू आहे.