सोंगाला जागणारी माणसं

आमच्या अण्णांना आयुष्यात एकदाच अटक झाली. तीही रविवारी सकाळी, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना.

१९७२-७३ ची गोष्ट असेल. भायखळा स्टेशनजवळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात दंडुका असा एक हवालदार धाडधाड जिना चढून आला आणि आमच्या दारात उभा राहून गरजला, "मालक कोण इथला? वॉरंट आहे!"

अण्णा कचेरीत कारकून. खाकी रंगाबद्दल त्यांना उपजतच आदर. गुन्हा काय, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. दाढीचा ब्रश खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, आईचं नाव या महिन्यात कमी करतोच आहे."

खुलासा करतो. आमची आजी वारून दीड वर्ष झालं होतं. पण रेशनकार्डावर ती ठणठणीत होती आणि आपल्या वाट्याची साखर दरमहा उचलत होती.

हवालदार क्षणभर गडबडला. मग त्याने खिशातून कागद काढला आणि एका दमात गुन्हे वाचले. बायकोला दोन दिवाळ्यांत साडी न घेणे, पोरांच्या पाठीत धपाटे घालणे आणि शेजाऱ्याचं वर्तमानपत्र त्याच्या आधी वाचणे! शिक्षा म्हणून समुद्राच्या तळाशी बेडकाचं लग्न होतं, तिथे सहकुटुंब हजर राहायचं होतं. एव्हाना आम्हा पोरांचं लक्ष त्याच्या टोपीकडे गेलं होतं. टोपीवर बिल्ल्याच्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण होतं. आम्ही फिस्‌कन हसलो, गॅलरी हसली, आणि हवालदाराने कमरेतून वाकून मुजरा केला. "बहुरूपी आहे, मायबाप. पोटासाठी सोंग."

आईने चार आणे आणि बशीभर पोहे दिले. जाताना तो अण्णांच्या कानाशी हळूच म्हणाला, "साहेब, आजीबाईंचं नाव तेवढं कमी करा. मी खोटा आहे. एखादा खरा येईल."

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी नाव कमी केलं. आजीला शेवटचा निरोप असा एका बहुरूप्यामुळे मिळाला.

तेव्हापासून मला या मंडळींचं कुतूहल आहे. परदेशी कादंबऱ्यांत रूप पालटणाऱ्या माणसांच्या जमाती असतात. दिवसा उमराव, रात्री लांडगा. वाचक त्या गोष्टी दिवा चालू ठेवून वाचतात. आपल्याकडे अशी जमात खरोखरच आहे आणि सरकारदरबारी तिची नोंदसुद्धा आहे. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या यादीत गोंधळी, वासुदेव, नंदीवाले, वैदू यांच्या पंगतीला बहुरूपी बसलेला आहे. खेड्यात त्याला भोरपी म्हणतात, कुठे रायरंद म्हणतात. फरक इतकाच, की तो रात्री लांडगा होत नाही. रात्री तो पालावर जातो, रंग पुसतो आणि पोरांना भाकरी मिळाली का ते बघतो.

धंदा जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांनी कोणकोणती सोंगं घ्यावीत याची यादी आहे. संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी. शिवाजीमहाराजांचे हेर बहिर्जी नाईक वेषांतरात पटाईत होते असं परंपरा सांगते. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गारुडी अशी किती सोंगं आणली! म्हणजे राज्य राखायला सोंग लागलं, लोक शहाणे करायलाही लागलं. नाटकवाल्यांना तर हे नाव इतकं आवडलं, की शंभू मित्रांनी १९४८ साली कलकत्त्यात काढलेल्या नाट्यसंस्थेचं नाव 'बहुरूपी' आणि आमच्या चिंतामणराव कोल्हटकरांच्या आत्मचरित्राचंही नाव 'बहुरूपी'. त्या आत्मचरित्राला १९५८ साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. नावाला मानपान मिळाला. ज्यांचं ते नाव, ती माणसं मात्र बशीभर पोह्यांवरच राहिली.

या लोकांची म्हणून एक गोष्ट सांगतात. कुणी तीत औरंगजेबाचं नाव घालतं, कुणी आणखी कुठल्या राजाचं. बादशहा बहुरूप्याला म्हणाला, मला फसवलंस तर बक्षीस देईन. काही महिन्यांनी गावाबाहेर एक मोठा साधू आल्याची वार्ता आली. बादशहा दर्शनाला गेला, पायांशी मोहरांचं ताट ठेवलं. साधूने ताट परत केलं. दुसऱ्या दिवशी तोच साधू दरबारात हजर. "सरकार, ठरलेलं बक्षीस द्या." बादशहा थक्क. "वेड्या, काल एवढं सोनं देत होतो, ते का नाही घेतलंस?" बहुरूपी म्हणाला, "काल मी साधू होतो. घेतलं असतं तर भगव्याला बट्टा लागला असता. आज मी बहुरूपी आहे. आज माझी मजुरी द्या."

मला वाटतं, या जमातीचा सगळा धर्म या गोष्टीत आला. सोंग घ्यायचं ते पुरं घ्यायचं, त्याची लाज राखायची, आणि शेवटी ते सोंग होतं हे आपल्याच तोंडाने सांगून मग हात पसरायचा. उलट तुमचंआमचं बघा. कचेरीत साहेबापुढे एक रूप, घरी दुसरं, मुलगी बघायला आलेल्यांपुढे तिसरं. पण "मंडळी, हे सोंग होतं बरं का" असं म्हणून आपण कधी मुजरा केलाय? आपल्या टोपीवर सोड्याचं झाकण नसतं, एवढाच काय तो फरक.

खरं म्हणजे आमचं भायखळाच बहुरूपी. १८६२ साली उघडलेली व्हिक्टोरिया गार्डन्स आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, आणि लोक दोन्ही नावं सोडून राणीची बागच म्हणतात. फोर्टातल्या काळ्या घोड्यावरचे सातवे एडवर्ड १९६५ पासून इथेच मुक्कामाला आहेत. शेजारचं १८७२ चं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. तिथे काचेच्या कपाटांत मुंबईच्या जातीजमातींचे मातीचे छोटे पुतळे आहेत. पेहराव, पागोटी, सगळं कसं नीटनेटकं. मी तिथे गेलो की माझ्या मनात येतं, बहुरूप्याला कोणत्या कपाटात ठेवणार? आज मारुती, उद्या हवालदार, परवा डॉक्टर. बिचारा चिठ्ठी लिहिणारा दमून जाईल.

म्युझियमची अडचण फार तर चिठ्ठीपुरती. कायद्याने तर त्याला भलत्याच कपाटात घातलं. दंड संहितेत १८६० पासून कलम १७१ होतं. सरकारी नोकराचा पोशाख लोकांना खरा वाटावा म्हणून घातला, तर तीन महिने कैद किंवा २०० रुपये दंड किंवा दोन्ही. (सोड्याचं झाकण लावण्यात किती शहाणपण होतं ते आता कळतं.) मग १९५९ साली मुंबईत भीक मागण्याला बंदी करणारा कायदा आला. त्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, अशा कुठल्याही मिषाने पैसे मागणं म्हणजे भीक. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची तरतूद. म्हणजे तिकीट लावून नाट्यगृहात सोंग काढलं तर कला, आणि आमच्या गॅलरीत काढलं तर गुन्हा! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. ही म्हण बहुरूप्याइतकी कुणाला कळली नसेल.

आणि कायद्याहून वाईट संशय. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्यांची गाऱ्हाणी दिल्लीपुढे मांडली. त्यानंतर दहा वर्षांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते बहुरूपी नव्हते, नाथपंथी डवरी गोसावी होते. पण अनोळखी वेषातला भटका माणूस दारात आला की पूर्वी पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. आता आया त्यांना आत ओढतात. वाचताना मला आमच्या गॅलरीतला तो मुजरा आठवला आणि हसू कुठल्या कुठे गेलं. राजस्थानातल्या भिलवाड्याच्या जानकीलाल या बहुरूप्याला २०२४ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बरं वाटलं. पण एका सन्मानाने किती दारं उघडणार?

परवा मला फोन आला. पडद्यावर कडक इस्त्रीचा गणवेश, मागे झेंडा, चकचकीत बिल्ला. "तुमच्या नावाने वॉरंट आहे. घराबाहेर पडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. अमुक खात्यात पैसे भरा." याला हल्ली डिजिटल अटक म्हणतात. भली शिकलेली माणसं तिच्यात जन्माची पुंजी घालवून बसली आहेत. माझाही घसा कोरडा पडला. अण्णांचाच मुलगा मी. पहिल्यांदा रेशनकार्डच आठवलं. मग मी त्याची टोपी निरखून बघितली. झाकण नव्हतं. सगळं अगदी खऱ्यासारखं होतं, म्हणूनच खोटं होतं.

मी विचारलं, "साहेब, बेडकाच्या लग्नाला किती वाजता यायचं?"

फोन बंद झाला. मुजरा नाही, काही नाही. "बहुरूपी आहे, मायबाप," एवढं जरी म्हणाला असता, तरी मी दहा रुपये पाठवले असते.