आजीची बार्शी

आमच्या आजीच्या लेखी बार्शी म्हणजे परमुलूख. अंतर तसं काहीच नाही, पण येडशी निजामाची आणि पलीकडची पांगरी इंग्रजांची. मधे करोडगिरीचा नाका. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. माहेर बार्शीकडचं असल्यामुळं आजी या बाबतीत जरा तोऱ्यातच असायची. लुगडं घ्यावं तर बार्शीचं!

तिकडं जायला बार्शी लाइट. अडीच फुटांच्या रुळावरची ती गाडी 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि 1911 साली लातूरला पोचली. घाटात माणसं खाली उतरून बोरं वेचायची, ओटा भरला की पुन्हा डब्यात चढायची. हे मी काही पाहिलेलं नाही. पण आमच्या भागात ज्याच्या त्याच्या आजोबानं पाहिलेलं आहे, तेव्हा खरंच असणार.

यंदा येळवशीला गावी गेलो. 2008 साली रूळ रुंद झाले, आणि छोटी गाडी ज्या उस्मानाबादला कधी शिवलीच नाही, तिथून आता मोठी गाडी जाते. गावाचं नावही धाराशिव झालंय. घाट कधी आला न् गेला कळलंही नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं. शेतात कडब्याची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. ताकातली आंबील, लसूण-जिऱ्याचा वास सुटलेली, मडक्यात घालून डोक्यावरून आणायची. आणि भज्जी! तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, शेंगदाणे, शिवारातला मिळेल तो पाला, सगळं शिजवून ताकात कालवलेल्या बेसनानं दाटवायचं. पुण्यात मी करून बघतो, पण जमत नाही. सोबत बाजरीचे उंडे. जेवून उठवत नाही, म्हणून माणसं तिथंच बांधावर आडवी होतात आणि मग जुनं निघतं.

रझाकाराच्या वर्षाची गोष्ट आजी रंगवून सांगायची. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा, त्यामुळं आमच्याकडं रझाकार हा पेपरातला शब्द नव्हता. बाया-पोरं रातोरात सरहद्द ओलांडून बार्शीकडं गेली. आजीच्या कडेवर माझे वडील, पदराला भाकरी आणि शेंगाची चटणी. वडील तेव्हा दोन वर्षांचे की चार, यावर घरात अजून एकमत नाही. मग सप्टेंबर 1948 मध्ये फौजा आल्या, 17 तारखेला निजाम शरण गेला आणि आजी घरी परतली. गोष्ट इथं संपायची.

पुढचं ती सांगत नसे. वारं फिरल्यावर मुसलमान घरांवर काय गुदरलं, ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. पंडित सुंदरलाल समितीनं ज्या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागल्याचं नोंदवलं, त्यांत उस्मानाबाद होतं. तो अहवाल कित्येक दशकं उघड झाला नाही. घरोघरच्या आज्यांनीही बहुधा तेच केलं असावं.

यंदा कोपीत बसून चुलतीला विचारलंच. शेजारच्या पिंजाऱ्याच्या घराचं काय झालं? तिनं आंबिलीचा पेला खाली ठेवला. "गेले की रात्रीतनं. जाताना भाबीनं तांब्याची भांडी तुझ्या आजीकडं ठेवली. पेवात, जोंधळ्याखाली."

"पेवात कुठं? कडब्याच्या गंजीत," चुलत भाऊ म्हणाला.

"तू होतास का तिथं?"

"तू तरी कुठं होतीस?"

चुलती लग्न होऊन आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे तिनंही ऐकलेलंच. पण ती हटेना. भाबी परत आली, भांडी मोजून घेतली, एक घंगाळ मात्र आजीला ठेवून गेली, असं तिचं ठाम म्हणणं. कुठलं घंगाळ, म्हणून विचारलं.

"ते नाही का, बाहत्तरच्या दुष्काळात मोडीत घातलं. तुझ्याच बापानं."